रोमेलचे कान
दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मन सेनापती रोमेलच्या दिमतीला शत्रूचे बिनतारी संदेश टिपणारी ६२१ क्रमांकाची तुकडी होती. कॅप्टन आल्फ्रेड झेबोम तिचा प्रमुख. ब्रिटिश अधिकारी वायरलेसवर फारच मोकळेपणानं बोलत, अगदी पारावर बसल्यासारखे! झेबोमची माणसं ते ऐकत, कोणती पलटण कुठं निघाली हे ताडत आणि खबर लगोलग रोमेलकडे जाई. ऐकू नीट यावं म्हणून तुकडी आघाडीच्या अगदी जवळ बसली होती. तेच नडलं. १० जुलै १९४२ रोजी, अल अलामीनजवळ तेल अल ईसा इथं ऑस्ट्रेलियन सैनिकांनी तिचा तळच काबीज केला. झेबोम जखमी होऊन दगावला. हाती लागलेल्या कागदांत ब्रिटिशांना सापडली स्वतःचीच बडबड, व्यवस्थित नोंदवलेली.