विकलं म्हणजे मिळालं नव्हे

माझी आपा घरी शिवलेले कुर्ते ऑनलाइन विकते. ईदच्या आधी भरपूर ऑर्डरी आल्या, तिनं कापड उधारीवर आणलं. कुर्ते पोचले, पण परत करण्याची मुदत संपेपर्यंत पैसे अडकले. कापडवाला मात्र दारात उभा! शिलाई मशीन विकायची वेळ आली होती.

म्हणून सांगतो, खात्यात न आलेल्या पैशांवर उधारी करू नका. जमा झालेली रक्कम प्रत्येक ऑर्डरीशी ताडून पाहा. कमिशन आणि परतीचा खर्च वेगळा लिहा. २०२४ पासून जीएसटीपोटी ०.५ टक्का कापतात. ती रक्कम बुडत नाही, विवरणपत्र भरून मिळवता येते. हिशोब चुकला तर लेखी तक्रार करा. आपल्याच कष्टाचे पैसे मागायला लाज कसली?