जावई काय करतो?



परदेशी जोडीदार आणि त्याचा काम करण्याचा हक्क, असा विषय मला दिला आहे. मी वकील नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. या विषयातली कलमं मी वाचली ती नवऱ्यापायी. त्यामुळे सुरुवात घरापासूनच करते.

आमचं घर जुन्या नाशकात, दूध बाजाराजवळ. माझा नवरा मॉरिशसचा. पुण्यात इंजिनिअरिंगला आम्ही एकाच वर्गात होतो. २०१७ च्या डिसेंबरात निकाह झाला. आता मुलगी तिकडे जाणार, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. पण अब्बांना पॅरालिसिसचा झटका आलेला, आणि मी एकुलती एक. म्हणून मी गेले नाही, तो इकडे आला.

आणि मोहल्ल्याने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "जावई काय करतो?"

जावई काहीच करत नव्हता. त्याला करता येत नव्हतं. भारतीय नागरिकाच्या परदेशी नवऱ्याला किंवा बायकोला इथे राहायला एंट्री व्हिसा मिळतो, ज्याला सगळे एक्स व्हिसा म्हणतात. त्यावर राहता येतं, नोकरी-धंदा करता येत नाही. नोकरीसाठी एम्प्लॉयमेंट व्हिसा वेगळा, आणि त्यासाठी तेव्हा वर्षाला साधारण १६.२५ लाख पगाराची अट होती. त्या वेळी माझाही पगार त्याच्या निम्मा नव्हता. नाशिकमधल्या ज्या कंपनीने त्याची मुलाखत घेतली, तिथल्या साहेबांनी आकडा ऐकला, चहा पाजला आणि निरोप दिला. घरी बसून मॉरिशसच्या एखाद्या कंपनीचं काम ऑनलाइन करावं, असंही मित्रांनी सुचवलं. व्हिसाच्या अटीशी तो खेळ झाला असता. आम्ही तो खेळलो नाही.

मग तो अब्बांना फिजिओथेरपीला न्यायचा, भाजी आणायचा, भाकरी शिकला. (भाकरी अजून गोल होत नाही.) खाला गमतीने घरजावई म्हणायच्या. तो हसायचा. एकदा रात्री मात्र म्हणाला, "बाहेर जाताना तुझ्याकडे रिक्षाचे पैसे मागायला लागतात, तेव्हा मला माझ्या आईची आठवण येते." त्याच्या आईने आयुष्यभर नवऱ्याकडे असेच पैसे मागितले होते.

मी तेव्हा गप्प बसले. कारण आपल्याकडच्या किती तरी घरांत सुना असंच जगतात आणि त्यांच्याबद्दल कुणी विचारतच नाही. "सून काय करते?" हा प्रश्न मोहल्ल्यात मी कधी ऐकला नाही.

याच सुमारास सासूबाईंनी फोनवर त्यांच्या देशातली एक गोष्ट सांगितली. मी नंतर शोधून वाचली. मॉरिशसमध्ये १९७७ पर्यंत नागरिकाचा परदेशी जोडीदार, पुरुष असो की बाई, सारख्याच हक्काने राहू शकत होता. त्या वर्षी सरकारने दोन कायदे बदलले. परदेशी बायकोचा हक्क तसाच राहिला. परदेशी नवऱ्याला मात्र परवाना मागावा लागू लागला, आणि तो नाकारणं किंवा काढून घेणं मंत्र्याच्या हातात गेलं. १९७८ मध्ये वीस बायकांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे तक्रार केली. त्यात पुढे होत्या वकील आणि खासदार शिरीन ओमिरुद्दी-त्सिफ्रा. त्यांचा नवरा परदेशी होता. ९ एप्रिल १९८१ ला समितीने मत दिलं. वीसपैकी सतरा जणींचं लग्न परदेशी माणसाशी झालेलंच नव्हतं, त्यामुळे त्यांना बाधित मानलं गेलं नाही. उरलेल्या तिघींच्या बाबतीत स्त्री म्हणून भेदभाव झाल्याचं समितीने मान्य केलं. १९८३ मध्ये मॉरिशसने कायदा दुरुस्त केला. ज्या सतरा जणींचा स्वतःचा काही प्रश्न नव्हता, त्यांनीही सही केली होती, याचं मला फार अप्रूप वाटतं.

असाच एक खटला ब्रिटनचा. तिथे कायदेशीर राहणाऱ्या तीन बायकांच्या नवऱ्यांना सरकार राहू देईना. तिघींपैकी एक, नर्गिस अब्दुलअझीझ, यांच्या नवऱ्याचा जन्म आपल्या शेजारच्या दमणचा. सरकारचं म्हणणं काय, तर बाहेरून आलेला नवरा नोकरी शोधतो, बायको सहसा शोधत नाही. देशात बेकारी आहे, म्हणून नवरे अडवायचे. २८ मे १९८५ ला युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा लिंगभेद आहे असा निकाल दिला. बायकाही कमावतात, एवढी साधी गोष्ट न्यायालयाला सांगावी लागली. त्यावर ब्रिटिश सरकारने काय करावं? नवऱ्यांचा रस्ता रुंद केला नाही, बायकांचा अरुंद केला. झाली समता!

आपण हसतो, पण आपल्याकडेही वेगळं नव्हतं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात भारतीयाशी लग्न केल्यावर नोंदणीने नागरिकत्व मागायची सोय फक्त 'स्त्रियां'साठी होती. १९८६ च्या दुरुस्तीत 'स्त्रिया' हा शब्द जाऊन 'व्यक्ती' आला. म्हणजे माझ्या अम्मीने परदेशी माणसाशी लग्न केलं असतं, तर १९८६ पर्यंत तिच्या नवऱ्याला हे दार बंदच होतं. आज नवरा-बायको दोघांना नियम सारखा आहे. सारखाच, म्हणजे दोघांनाही सुरुवातीला काम बंद.

हे उघडतं ओसीआय कार्डाने. ते मिळालं की नोकरी करता येते. सरकारी नोकरी आणि शेतजमीन सोडून बहुतेक गोष्टी मोकळ्या होतात. मॉरिशसवाल्यांना भारतीय वंशाच्या आधारावरही ते मिळू शकतं, पण तेव्हा पणजोबांचा कागद लागायचा आणि आमच्याकडे तो नव्हता. जोडीदार म्हणून मागायचं तर लग्नाची नोंदणी हवी आणि ते लग्न सलग दोन वर्षं टिकलेलं हवं.

नोंदणी! इथे आम्ही फसलो. निकाहनामा होता, उर्दूत, सुंदर अक्षरात, काझीसाहेबांच्या शिक्क्यासह. सगळ्यांना वाटलं, झालं लग्न. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी आम्ही केली ती सहा महिन्यांनी. तीस दिवसांची नोटीस वगैरे सगळं धरून. अर्जाच्या वेळी दोन वर्षं मोजली गेली ती नोंदणीपासून. आमच्या आळसापायी एका माणसाचं सहा महिन्यांचं काम गेलं. या नोंदणीने वारसाहक्कालाही पर्सनल लॉऐवजी भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मुली असलेल्या घरांनी तेवढ्यासाठी तरी तो कायदा वाचावा, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

दोन गोष्टी मात्र मला आजही टोचतात. एक, हे कार्ड लग्नाला बांधलेलं आहे. लग्न न्यायालयातून किंवा अन्य रीतीने मोडलं, तर ते रद्द होऊ शकतं. मारहाण सोसणारी परदेशी बायको घर सोडताना नोकरीचाही विचार करणार, आणि हे नवऱ्याला पक्कं माहीत असणार. दुसरी गोष्ट आपल्या घरांची. ज्याचे आईवडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा यांपैकी कुणीही कधी पाकिस्तान किंवा बांगलादेशचं नागरिक होतं, त्याला हे कार्ड नाहीच. फाळणीत कुटुंबं कशी तुटली हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. पणजोबा कराचीला गेले, पणतू लंडनमध्ये जन्मला, नाशिकच्या मुलीशी लग्न करून इथे आला, तरी दार बंद. सुरक्षेसाठी चौकशी करा, ती प्रत्येक जोडीदाराची होतेच. पण माणूस न पाहता पणजोबा पाहणं मला पटत नाही.

नवऱ्याचं कार्ड २०२० च्या डिसेंबरात आलं. आता तो अंबडला एका कारखान्याचं सॉफ्टवेअर सांभाळतो. पहिल्या पगारातून त्याने अब्बांसाठी व्हीलचेअर घेतली आणि मला रिक्षाचे पैसे दिले, सुटे, मोजून.

मघाशी एका मुलीने चिठ्ठी पाठवली आहे. तिला सिंगापूरचं स्थळ आलंय, मुलगा तिथला नागरिक, आणि घरचे म्हणतात व्हिसाचं नंतर बघू. बहिणी, नंतर नको. तिथे नागरिकाची बायको म्हणून मिळणारा पास आपोआप कामाची परवानगी देत नाही, ती वेगळी घ्यावी लागते. मुलाला विचार, कोणता पास, परवानगी कधी, अर्ज कोण करणार. चहाच्या वेळी मी खालीच आहे. कागद असतील तर घेऊन ये, एकत्र वाचू.