त्याची दारू, तिचा दोष नाही

(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)

दर बैठकीत आपण बचत लिहितो, हप्ता लिहितो, गैरहजर बाईला दंड लावतो. पण ती का आली नाही, हे कुणी विचारतं का? कधी कधी कारण एवढंच असतं, की घरात दारू आहे आणि चारचौघींत बसायची तिला लाज वाटते. अशा बाईला नुसता धीर पुरत नाही, माहिती लागते. म्हणून आज चार गोष्टी सांगते.

पहिली, व्यसन हा आजार आहे. तो बायकोच्या बोलण्यानं लागत नाही आणि तिच्या उपासानं बराही होत नाही. सासू, शेजारी काहीही म्हणोत, दोष तिचा नाही. पण आजार आहे म्हणून मारहाण सोसायची नाही. हात उचलला तर 181 किंवा 112 ला फोन करा. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आपल्यासाठी आहे.

दुसरी, चहात-भाजीत लपवून गोळी किंवा पुडी देऊ नका. दारू सोडवायच्या काही गोळ्यांवर माणूस प्यायला तर रक्तदाब एकदम उतरतो, जीवही जाऊ शकतो. औषध डॉक्टरांनीच द्यायचं, तेही त्याला सांगून.

तिसरी, रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून दारू एकदम बंद करू नका. काही तासांतच हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास होतात, माणूस बरळतो. ती बाहेरची बाधा नसते, देवऋषी नको. 108 ची गाडी बोलवा. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

चौथी, त्याची गुत्त्यावरची उधारी फेडू नका. मुकादमाला "ताप आलाय" असं खोटं सांगू नका. आपण मायेनं झाकतो, पण त्यामुळे दारूची किंमत त्याला कळतच नाही. बोलायचं ते सकाळी, तो शुद्धीत असताना, थोडक्यात. प्यालेल्या माणसाशी वाद घालू नये.

पुण्याचं मुक्तांगण केंद्र डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलं. तिथं व्यसनी माणसांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. आपलं दुःख ऐकणारी, त्यातून गेलेली दुसरी बाई भेटली की निम्मं ओझं उतरतं. आपल्याकडे गट तर आधीपासून आहेच! सरकारची 14446 ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइनसुद्धा मोफत आहे. घरच्यांनीही फोन केला तर चालतो.

तर प्रत्येक गटानं एवढं ठरवा. दंड लावायच्या आधी दोघींनी तिच्या घरी जायचं. आपण गेल्यामुळे तिला मार बसेल असं वाटलं, तर शेतात किंवा दळणाच्या वाटेवर गाठायचं. महिन्यातून एकदा बैठकीची 15 मिनिटं या विषयाला द्यायची. आणि तिथलं बोलणं पाणवठ्यावर न्यायचं नाही. एकदा जरी ते बाहेर गेलं, तर ती बाई पुन्हा तोंड उघडणार नाही.

पुढच्या बैठकीत हजेरी घेताना कोण आली नाही, ते नीट बघा.