उत्क्रांती : गरज की निवड?



सजीव बदलत आले याविषयी जीवशास्त्रज्ञांत दुमत नाही. वाद आहे तो हा बदल कशामुळे घडतो याविषयी. त्याचे एक बोलके उदाहरण कोलकात्याच्या सियालदह भागातून सुरू होते. तेथील कॅम्पबेल रुग्णालयात, म्हणजे आजच्या नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयात, १९२० च्या सुमारास डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी 'युरिया स्टिबामाइन' हे अँटिमनीयुक्त औषध सिद्ध केले. त्यांच्या लहानशा खोलीत ना वीज होती, ना गॅस, ना नळाचे पाणी. वाळूमाशीच्या दंशातून पसरणारा काळा आजार तेव्हा बहुतेक रुग्णांचा प्राण घेई. या औषधाने असंख्य जीव वाचवले.

पुढे अँटिमनीची नवी औषधे आली. मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर बिहारच्या काही भागांत निम्म्याहून अधिक रुग्णांना त्यांचा गुण येईना. रोगाचा परजीवी बदलला होता. औषधाशी झुंजताना त्याने ही शक्ती कमावली, की ती काही परजीवींत आधीच होती आणि औषधाने केवळ त्यांची निवड केली?

पहिले मत लामार्कच्या विचाराशी जुळते, दुसरे डार्विनच्या. लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये जिवाणूंवर याची कसोटी घेतली. त्यांनी अनेक नळ्यांत जिवाणू वेगवेगळे वाढवले आणि नंतर त्यांवर विषाणू सोडला. गरजेतून शक्ती येत असती, तर प्रत्येक नळीत वाचलेल्यांची संख्या जवळपास सारखी भरली असती. प्रत्यक्षात कोठे एकही वाचला नाही, तर कोठे शेकडो वाचले. म्हणजे बदल संकटापूर्वीच, योगायोगाने झाला होता. संकटाने फक्त निवड केली.

मग बिहारमध्ये ही निवड केली कोणी? एक उत्तर असे, की अपुऱ्या मात्रेने आणि अर्धवट सोडलेल्या उपचारांनी. सौम्य परजीवी मेले, चिवट उरले. आणि भारतात हा रोग माणसाकडून माणसाकडेच जात असल्याने तेच पसरले. दुसऱ्या मताप्रमाणे कूपनलिकांच्या पाण्यातील आर्सेनिकने हे घडवले, कारण ते अँटिमनीचे रासायनिक भावंड आहे. आर्सेनिकयुक्त पाणी पाजलेल्या उंदरांतील परजीवी खरोखरच अँटिमनीला दाद देईनासे झाले. बिहारमधील रुग्णांच्या पाहणीत मात्र आर्सेनिक आणि उपचारांचे अपयश यांचा ठाम संबंध आढळला नाही. दोन्ही पक्षांना निवडीचे तत्त्व मान्य आहे. मतभेद आहे तो निवड करणाऱ्या हाताविषयी.

हा प्रश्न घरापासून दूर नाही. ताप उतरताच प्रतिजैविकाच्या उरलेल्या गोळ्या कपाटात पडतात, किंवा डॉक्टरांना न विचारता शेजारच्या मुलाला दिल्या जातात, तेव्हाही निवड होतच असते. औषध घ्यावे की नाही आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवावे आणि घरात ते काटेकोरपणे पाळले जावे, यामागचे शास्त्र हेच आहे.

शाळेत उत्क्रांतीचा पाठ शिकवताना मुलांना दोन्ही पक्ष सांगावेत आणि कोणत्या प्रयोगाने निवाडा होईल, असे विचारावे. उत्तर पाठ करण्यापेक्षा हा प्रश्न विचारता येणे अधिक मोलाचे आहे.