हिवाळी समुद्र आणि विद्यार्थ्याचा पतंग

संक्रांत जवळ आली की माझे मन भिलाई सोडून नागपूरच्या गच्चीवर जाऊन बसते. हातात चक्री, बोटांवर मांजाचे चरे, आणि कुणाचा पतंग कापला गेला की चारी दिशांनी उठणारी ‘ओ काऽऽट’ ही आरोळी! त्या वयात पतंग निवडणे म्हणजे काय हे आम्हांला पुरते ठाऊक होते. वारा मंद असेल तर मोठा आणि हलका कागद, वारा जोराचा असेल तर लहान आणि चिवट. काडी वाकवून पाहायची, कन्नी बांधून दोन हिसके द्यायचे आणि मग दुकानदाराच्या हातावर पैसे ठेवायचे. एवढेच माझे पतंगशास्त्र. ते चाळिशी उलटल्यावर, सरकारी फायलींच्या ढिगाऱ्यात बसलेल्या माझ्या कामी येईल असे कधी वाटले नव्हते.

झाले ते असे. माझा पुतण्या भिलाईतच लहानाचा मोठा झाला आणि पुढील शिक्षणासाठी हॉलंडमधील डेल्फ्ट येथे गेला. भिलाईच्या मुलाला समुद्र ठाऊक असतो तो भूगोलाच्या पुस्तकातला किंवा पुरीच्या यात्रेतला. आमचे मोठे जलाशय म्हणजे मरोद्याचा तलाव! पण डेल्फ्टहून ट्रामने शेव्हेनिंगेनच्या किनाऱ्यावर जाता येते, आणि त्या किनाऱ्यावर ह्या मुलाने पतंगाच्या जोरावर लाटांवरून धावणारी माणसे पाहिली. रीतसर शिक्षकापाशी उन्हाळ्यात तो तो खेळ शिकला. थंडी पडू लागली तेव्हा त्याचे घरी पत्र आले की, शिक्षण संपवून मायदेशी परतणारा एक विद्यार्थी आपला सगळा जुना सरंजाम स्वस्तात देत आहे, तेव्हा थोडे पैसे पाठवावेत. खरा जोराचा वारा तिकडे हिवाळ्यातच असतो, असेही त्यात होते.

वहिनी ते पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. “भाऊजी, पैशांचे काही नाही, ते मी बाजूला ठेवलेले आहेत. पण मी पाठवलेल्या पैशांनी त्याच्या जिवाला धोका व्हायला नको. तुम्हीच काय ते बघा,” एवढेच त्या म्हणाल्या. ‘नको’ असे लिहून मोकळे होणे सोपे होते. पण वीस-बावीस वर्षांच्या मुलाला दिलेला नकार पुष्कळदा पत्रापुरताच पाळला जातो, हे मी जाणून होतो. म्हणून मी आधी समजून घ्यावयाचे ठरविले. त्या समजून घेण्याचा हिशेब आज आपल्यापुढे मांडतो आहे.

पतंगाकडून ओढून घेण्याची हौस काही आजची नव्हे. इंग्लंडमधील ब्रिस्टल गावच्या जॉर्ज पोकॉक नावाच्या शाळामास्तराने १८२६ साली पतंगांनी ओढली जाणारी गाडी बनवून तिचा हक्क नोंदविला होता. १९०३ साली सॅम्युएल कोडी ह्याने पतंगाने ओढलेल्या होडीतून इंग्लिश खाडी ओलांडली. पण पतंग पाण्यात पडला की बुडणार किंवा पुन्हा उठणार नाही, ही अडचण होतीच. फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतातील लगेन्यू बंधूंनी १९८४ मध्ये तिच्यावर तोड काढली. पतंगाची पुढची कड हवेने फुगवावयाची, म्हणजे तो पाण्यावर तरंगतो आणि दोरीच्या इशाऱ्याने पुन्हा उडतो. त्यातून हा खेळ वाढला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याच्या शर्यतीही झाल्या. आपल्याकडेही गोव्यात मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्यावर आणि रामेश्वरमला हे पतंग दिसतात. डेल्फ्टच्या विद्यापीठाचे तर पतंगाशी जुने नाते आहे. १९८५ मध्ये अंतराळात जाऊन आलेले वुब्बो ऑकल्स पुढे तेथे प्राध्यापक झाले आणि पतंगाच्या ओढीतून वीज काढण्याच्या संशोधनाचा पाया त्यांनी घातला. तेव्हा मुलाला हे वेड लागले ते वेडेपणाचे नव्हते, एवढे मी वहिनींना सांगू शकलो.

आता खरा प्रश्न. रामेश्वरमच्या हिवाळ्यात उघड्या अंगाने हा खेळ खेळता येईल, पण उत्तर समुद्राचे पाणी जानेवारी-फेब्रुवारीत पाच-सात अंशांवर उतरते. उष्णता वाहून नेण्याची पाण्याची शक्ती हवेच्या सुमारे चोवीसपट असते. अशा पाण्यात माणूस अवचित पडला की पहिल्या मिनिटात त्याचा श्वास आवरत नाही. पुढे दहा-एक मिनिटांत बोटे, मनगटे काम देईनाशी होतात. शरीर आतून गारठून शुद्ध हरपावयास याहून पुष्कळ अधिक वेळ लागतो. म्हणजे माणूस थंडीने मरण्याच्या फार आधी त्याचे हात निकामी होतात, आणि ह्या खेळात सारे काही हातांवर अवलंबून! हे वाचले तेव्हा, विद्यार्थ्याने पैसा प्रथम कोठे घालावा ह्याचे उत्तर मला मिळाले. पतंग मागाहून, अंगावरचा पोशाख आधी.

हा पोशाख म्हणजे वेटसूट. ह्यू ब्रॅडनर नावाच्या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाने १९५० नंतरच्या एक-दोन वर्षांत तो सिद्ध केला. अंग कोरडे ठेवण्याची गरज नाही, हे त्याने ओळखले. निओप्रीन नावाच्या रबरात वायूचे असंख्य बारीक बुडबुडे असतात आणि ऊब राखतात ते हेच बुडबुडे. आत शिरलेले थोडेसे पाणी अंगाच्या उबेने कोमट होते आणि तेथेच राहते. त्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. भिलाईत, जेथे पोलादाचा पत्रा मिलिमीटरवर तोलला जातो, तेथे हे मोजमाप कुणाला समजावून द्यावे लागत नाही. उत्तर समुद्राच्या हिवाळ्याला छातीपाठीवर पाच आणि हातापायांवर चार मिलिमीटर एवढी जाडी हवी. शिवाय पायांत जाड बूट, डोक्याला टोपी आणि हातांत मोजे. पतंगवाला सारखा वाऱ्यात असतो, म्हणून छातीवर कापडाऐवजी गुळगुळीत रबराचा पृष्ठभाग बरा. कापड भिजून राहते आणि वाऱ्याने वाळताना अंगाची ऊब घेऊन जाते.

मात्र जाडीहूनही मोठी गोष्ट म्हणजे माप. सैल पोशाखात प्रत्येक लाटेसरशी नवे गार पाणी खेळू लागते आणि पाच मिलिमीटरचे मोल शून्य होते. दुसऱ्याच्या अंगाचा, वापरून चेपलेला, शिवणी उकललेला वेटसूट म्हणूनच स्वस्त पडत नाही. मी पुतण्याला लिहिले, “पोशाख नवा घे, अंगात घालून पाहून घे, आणि ह्यात काटकसर करू नकोस.” कमरेला बांधावयाचा हार्नेसदेखील हा जाड पोशाख घालूनच मापावा. उन्हाळ्यातला हार्नेस हिवाळ्यात तोकडा पडतो.

मग पतंग. येथे माझे नागपुरी ज्ञान उपयोगी पडले. वाऱ्याची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. वारा पंधरा नॉटवरून वीसवर गेला तर ओढ सव्वापट नव्हे, जवळजवळ पावणेदोनपट होते आणि तीस नॉटवर ती चौपट भरते. त्यातून थंड हवा जड असते. पाच अंशांची हवा तीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे नऊ टक्क्यांनी अधिक घन, म्हणून त्याच वेगाचा वारा हिवाळ्यात अधिक ओढतो. त्या देणगीदार विद्यार्थ्याचा पतंग होता बारा चौरस मीटरचा. मंद उन्हाळी वाऱ्यासाठी तो ठीक होता. आमचा मुलगा अंगाने बेताचा, त्याच्यासाठी वीस-पंचवीस नॉटच्या हिवाळी वाऱ्यात सात ते नऊ चौरस मीटर पुरेसे. एकच घेणे परवडत असेल तर लहान घ्यावा. वारा कमी पडला तर लहान पतंगवाला किनाऱ्यावर बसून राहील, वारा वाढला तर मोठा पतंगवाला कोठे जाऊन पडेल ते सांगवत नाही.

पतंग वापरलेला घेण्यास हरकत नाही, मात्र पाहून घ्यावा. फुगवून काही तास तसाच ठेवावा आणि हवा उतरते का ते पाहावे. कापड उजेडाकडे धरून बारीक भोके शोधावीत. त्याची मूळची करकर गेली असेल, ते फडक्यासारखे लुळे झाले असेल, तर सोडून द्यावा. वीस-बावीस मीटरच्या चारही दोऱ्या एका खुंट्याला अडकवून ताणाव्यात. एकही उणीअधिक भरली तर पतंग एकीकडे ओढ घेतो. कन्नी चुकली की पतंग गिरक्या घेतो हे आमच्या गच्चीवरचे सत्य समुद्रावरही लागू आहे. पायांखालची फळी मात्र खुशाल जुनी असावी. तिला चीर नसली, पायपट्ट्यांत जाड बूट मावत असले आणि ती नवशिक्यासाठी किंचित मोठी असली म्हणजे झाले.

राहता राहिली हातातली दांडी. ह्याच बाबतीत पत्रातला तो स्वस्त सौदा मोडला. माणूस आणि पतंग ह्यांना जोडणाऱ्या ह्या दांडीपाशी एक सुटका-कळ असते. ती ढकलली की पतंगाची सारी ओढ तत्काळ गळून पडते. जुन्या काळच्या पतंगांत ती ओढ पुरती जात नसे, आणि हा सरंजाम त्याच पिढीतला होता. २०२० पासून ह्या कळेसाठी आंतरराष्ट्रीय मानकही आहे. मी पुतण्याला एक परीक्षा सांगितली. जाड मोजे घालावेत, हात बर्फाच्या पाण्यात काही मिनिटे धरावेत, आणि मग डोळे मिटून, दोरीला ताण देऊन, ती कळ एका हाताने सुटते का ते पाहावे. दुकानातील उबेत, कोरड्या बोटांनी सुटणारी कळ हा पुरावा नव्हे.

पंधरा दिवसांनी त्याचे उत्तर आले. त्याने परीक्षा केली होती. मित्राने दोरी ताणून धरली, आणि गारठलेल्या बोटांनी त्याला ती कळ तीन प्रयत्नांतही सोडवता आली नाही. “काका, मी सौदा मोडला. ते पैसे वेटसूट आणि नवी दांडी ह्यांत गेले. पतंग आता फेब्रुवारीत घेईन,” असे त्याने लिहिले होते. मोज्यांविषयीही त्याने मला शिकविले. फार जाड मोज्यांनी दांडी धरताना कोपरापुढचा हात भरून येतो, म्हणून तळवा उघडा असलेले मोजे त्याने पसंत केले. माझ्या टिपणात ही गोष्ट नव्हती.

फेब्रुवारीत त्याने नऊ मीटरचा वापरलेला पतंग घेतला. दोरी कापावयाची सुरी, शिरस्त्राण आणि तरंगते जाकीट हीही जोडली. पहिल्या रविवारी सगळा जामानिमा करून तो किनाऱ्यावर गेला. वारा भरपूर होता, पण जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा. अशा वाऱ्यात काही बिघडले तर माणूस किनाऱ्यापासून दूरच जातो. शिवाय सोबती आला नव्हता. त्याने अर्धा तास वाट पाहिली, पतंगाची घडी न मोडता पिशवी पुन्हा खांद्यावर टाकली आणि ट्रामने परत गेला.

हे पत्र मी वहिनींना वाचून दाखविले. “म्हणजे एवढे सगळे विकत घेऊन तो खेळलाच नाही?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, “त्या दिवशी नाही.” त्यांनी पत्राची घडी घातली आणि आत जाऊन त्याच्यासाठी तिळाच्या वड्यांचे पार्सल बांधावयास घेतले. संक्रांत केव्हाच होऊन गेली होती.