नावे नसलेली ध्वनिमुद्रिका



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानमालेत उभा राहिला, की तो बोनस आणि किमान वेतन यांपलीकडे काय बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आमच्या नावापुढे ‘विजेवरचे जाझ संगीत’ हा विषय वाचून काहींना छपाईची चूक वाटली असेल. ती चूक नाही. मोरोपंतांच्या जन्मगावी न्यूयॉर्कच्या गलबल्याची चर्चा कशाला, असा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याचे उत्तर पुढे ओघाने येईल. या विषयाची एक वाट आमच्या कोल्हापुरातून गेली आहे, एवढे आताच सांगून ठेवतो.

१९७२ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत माइल्स डेव्हिस यांनी एक ध्वनिमुद्रिका केली. ती त्याच वर्षी ऑक्टोबरात बाजारात आली. नाव ‘ऑन द कॉर्नर’, म्हणजे गल्लीच्या कोपऱ्यावर. डेव्हिस हे कृष्णवर्णीय अमेरिकन कर्णेवादक. जन्म १९२६ चा. जाझमध्ये तेव्हा त्यांच्याएवढा मान क्वचितच कोणाला होता. अशा माणसाने आपल्या कर्ण्याला विजेची तार जोडली आणि पायाखाली एक पेडल घेतले. बोलताना तोंडावर तळहात ठेवून तो उघडझाप करावा, तसा या पेडलने आवाज मिटतो आणि उघडतो. ज्या कर्ण्याच्या एका मऊ सुरावर लोक प्राण टाकीत, तो आता कुरकुरू लागला, बोबडे बोलू लागला. जुने चाहते रागावले, यात नवल नाही.

त्या तबकडीत दोन-तीन प्रवाह एकत्र आले होते. एक फंकचा. जेम्स ब्राऊन आणि स्लाय स्टोन यांनी लोकप्रिय केलेले हे नाचाचे संगीत. त्याची खूण अशी, की सगळा भार पहिल्या मात्रेवर. आपल्याला हे समजणे अवघड नाही, कारण आपल्याकडे सम आहे. फरक एवढाच, की आपला गवई लांब फिरून समेवर येतो आणि श्रोत्यांची मान हलते. फंकवाला दर चार मात्रांनी समेवर आदळतो आणि श्रोत्यांचे पाय हलतात. दुसरा प्रवाह युरोपातला. स्टॉकहाउझेन हे जर्मन संगीतकार यंत्रे आणि फिती यांच्यातून ध्वनी घडवीत असत. पॉल बकमास्टर या इंग्रज संगीतकाराने त्यांच्या ध्वनिमुद्रिका डेव्हिस यांच्या कानी घातल्या. तिसरा प्रवाह आपला : तबला आणि सतार.

तबल्यावर बसले होते बादल रॉय. कोमिल्ल्याचे, म्हणजे आजच्या बांगलादेशातले. १९६८ मध्ये शिकण्यासाठी न्यूयॉर्कला गेले, पोटासाठी हॉटेलात काम धरले आणि तिथेच तबलाही वाजवू लागले. जॉन मॅकलॉफ्लिन हा इंग्रज गिटारवादक तिथे येई आणि त्यांच्याबरोबर वाजवीत बसे. त्या ओळखीतून हा हॉटेलातला कामगार थेट डेव्हिस यांच्या स्टुडिओत पोचला. ना तालीम, ना लिहिलेले कागद. डेव्हिस यांनी त्यांनाच आरंभ करायला सांगितले. रॉय यांनी ठेका धरला आणि बाकीचे एकेक करून त्यात शिरले. त्याच दिवशी डेव्ह लीबमन हे सॅक्सोफोनवादक घाईघाईने बोलावले गेले. विजेची वाद्ये तारेने सरळ यंत्राला जोडलेली, म्हणून खोलीत त्यांचा आवाज नाही. आणि लीबमन यांच्या कानाला हेडफोन नाही. ढोल-तबल्याच्या आवाजावर अंदाज बांधून त्यांनी वाजवले. कामाच्या जागी पुरेशी साधने न देता उत्पादन मागणे ही गोष्ट केवळ कारखान्यांतच घडते असे नाही!

तबकडीचा पहिला तुकडा सुमारे वीस मिनिटे चालतो. गिटारच्या घराण्यातले खर्जाचे वाद्य, ज्याला बास म्हणतात, ते मायकेल हेंडरसन वाजवतात आणि जवळजवळ एकच तुकडा घोळवीत राहतात. एकल तबलावादनाला लेहरा धरणारा सारंगीवाला जे काम करतो, तेच हे. भजनात टाळ न थांबता चालतो आणि वरचा गाणारा बदलतो, ही रचना आपल्याला रोजची आहे. पाश्चात्त्य समीक्षकांना मात्र ती कंटाळवाणी वाटली, कारण त्यांचा कान सुरावटीचा आरंभ, मध्य आणि शेवट शोधीत होता. आम्ही यंत्रमागांच्या खात्यांतून बरीच वर्षे फिरलो आहोत. बाहेरच्या माणसाला तिथे नुसता खडखडाट ऐकू येतो. मागावर उभ्या असलेल्या माणसाला त्याच खडखडाटात आपला माग वेगळा ऐकू येतो. धोटा अडखळला तर पाठ फिरवूनही त्याला कळते. ही तबकडी अशा कानाने ऐकायची आहे. एक आवाज धरावा, तो कुठे जातो ते पाहावे, मग दुसरा धरावा.

आणखी एक काम स्टुडिओत, पण वादक घरी गेल्यावर झाले. टीओ मॅसेरो हे निर्माते. लांबलचक फिती ऐकून हा भाग ठेव, तो काप, हा तिथे जोड, अशी कापाकापी ते डेव्हिस यांच्या ध्वनिमुद्रिकांवर आधीपासून करीत आले होते. म्हणजे जे आपण ऐकतो ते तसेच्या तसे कधी कोणी वाजवलेच नव्हते! मैफल ही मूळ वस्तू आणि तबकडी ही तिची नक्कल, हा आजवरचा हिशेब इथे उलटला.

त्या वेळी या ध्वनिमुद्रिकेची समीक्षकांनी यथेच्छ निंदा केली. ज्या तरुण कृष्णवर्णीय मुलांसाठी डेव्हिस यांनी ती केली, त्यांनीही ती फारशी घेतली नाही. परंतु त्या सत्रांत वाजवणारे हर्बी हॅनकॉक यांनी पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, ‘हेड हंटर्स’ काढली आणि ती लाखांनी खपली. जुन्या तबकड्यांतले तुकडे कापून, त्यांचे वेटोळे करून त्यावर बोलणारे हिप-हॉपवाले, नव्वदीच्या दशकातले लंडनचे यंत्रतालवाले, अशा अनेकांच्या कामाची पूर्वखूण पुढे जाणकारांना तिच्यात दिसू लागली. २००७ मध्ये त्या काळच्या साऱ्या सत्रांचा सहा तबकड्यांचा संच निघाला. डेव्हिस १९९१ मध्येच गेले होते.

आता कोल्हापूरची वाट. त्या सत्रात सतार वाजवणारे कॉलिन वॉलकॉट हे अमेरिकन. रविशंकर आणि अल्लारखाँ यांचे शिष्य. त्यांनी मित्रांसह ‘ओरेगॉन’ नावाचा वाद्यवृंद उभारला होता. १९८४ मध्ये युरोपात दौऱ्यावर असताना ते अपघातात गेले. त्यांची जागा पुढे घेतली त्रिलोक गुर्टू यांनी. मुंबईत १९५१ मध्ये जन्मलेले त्रिलोक हे शोभा गुर्टू यांचे चिरंजीव. शोभाताई मूळच्या बेळगावच्या; त्यांच्या मातोश्री मेनकाबाई शिरोडकर या उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, आणि शोभाताईंची पहिली तालीम झाली ती कोल्हापुरात, खाँसाहेबांचे धाकटे चिरंजीव भुर्जीखाँ यांच्याकडे. खाँसाहेबांना दरबारात आणले शाहू महाराजांनी. हे महान गवई १९४६ मध्ये गेले आणि त्यांच्या गाण्याची एकही तबकडी मागे राहिली नाही. त्यांच्याच परंपरेतल्या घरातला मुलगा तबला आणि ड्रम एकत्र मांडून, जमिनीलगत बसून, झांजा पाण्याच्या बादलीत बुडवून नाद काढतो! १९८८ च्या ‘उसफ्रेट’ या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत विजेच्या वाद्यांच्या गर्दीत आईचा आवाज आहे. आम्ही ती ऐकली तेव्हा ठुमरीची लगाव जराही भेसळलेली वाटली नाही. कोणी याला घराणे बुडाले म्हणेल. आमच्या मते घराणे इथे कामाला लागले.

मुंबईत याच जातीचे एक निराळे उदाहरण आहे. चित्रपटसृष्टीत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. रोलँड कंपनीची तीन यंत्रे : एक ताल धरणारे, एक खर्ज देणारे, एक सूर देणारे. त्यांवर भैरव, ललित यांसारखे राग. ती चालली नाही. २०१० मध्ये एका डच कंपनीने ती पुन्हा काढली तेव्हा युरोपातले लोक थक्क झाले, कारण शिकागोत ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात जे ‘ॲसिड हाऊस’ म्हणून गाजले, तसेच काहीसे इथे आधीच ऐकू येत होते. काहींनी उत्साहाने सिंगांना त्या संगीताचा जनक ठरवले. हे आम्हांला पटत नाही. शिकागोच्या मुलांनी ही तबकडी ऐकल्याचा पुरावा नाही. तीच यंत्रे दोन ठिकाणी दोन हुशार माणसांच्या हाती पडली, तर आवाज सारखा निघणारच. साम्य निराळे, प्रभाव निराळा. सिंगांचे मोठेपण त्यामुळे उणे होत नाही. सत्तरी ओलांडल्यावर ते परदेशी मंचांवर वाजवू शकले. २०१५ मध्ये मुंबईत वारले.

पण त्या तीन यंत्रांकडे कामगाराच्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे. जिथे पूर्वी पन्नास व्हायोलिने बसत, तिथे यंत्रावर एक माणूस बसू लागला. नव्वदीच्या दशकात मुंबईच्या स्टुडिओंतले मोठे वाद्यवृंद ओसरले आणि गोव्याकडच्या कित्येक उत्तम वादकांचे काम गेले. हातमागवाल्यांनी यंत्रमाग पाहिला, तीच ही कथा. यंत्र फोडावे असे आम्ही कधीच म्हटलेले नाही. अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणच बंद केले होते. तबकडी वाजू लागल्याने वादकाची भाकरी जाते, तर तबकडीच्या विक्रीतून वादकांसाठी निधी द्या, ही मागणी. मोठ्या कंपन्यांनी १९४४ मध्ये ती मानली. दोन वर्षांहून अधिक काळ चाललेला हा संप आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही, आणि तो ठाऊक असायला हवा.

तरीही ‘ऑन द कॉर्नर’च्या वेष्टनावर वादकांची नावे छापली नव्हती. कॉर्की मॅकॉय यांची गमतीदार चित्रे होती, वादक कोण ते नव्हते. समीक्षकांना वाद्ये मोजत बसता येऊ नये म्हणून डेव्हिस यांनी ते मुद्दाम केले, असे सांगतात. हेतू काहीही असो. रचनाकार म्हणून सर्वत्र नाव एकट्या डेव्हिस यांचे. ज्या ठेक्यावर इमारत उभी राहिली तो रॉय यांनी जागच्या जागी रचला, पण कागदोपत्री ते फक्त ‘वाजवणे’ ठरले. आणि वाजवण्याचे पैसे हजेरीप्रमाणे मिळतात, रचनेचे मात्र पिढ्यान्‌पिढ्या. मुंबईत शिफ्टवर वाजवणाऱ्याची स्थिती याहून बरी नव्हती. चित्रपटाच्या नामावळीत त्याचे नाव नाही, तबकडीवर नाही.

आपल्याकडे १९९४ च्या दुरुस्तीने कायद्यात कलावंताचा स्वतंत्र हक्क आला आणि २०१२ च्या दुरुस्तीने, आपल्या वादनाचा व्यापारी उपयोग झाल्यास त्याला स्वामित्वधन मिळाले पाहिजे, हेही लिहिले गेले. लिहिले गेले, हे मोठे पाऊल आहे. पण कायदा मागणाऱ्यालाच देतो, आणि मागणाऱ्याजवळ आपण वाजवल्याचा कागद लागतो. हजेरीपत्रकावर नाव नसलेल्या कामगाराचा दावा आम्ही कितीदा तरी चालवला आहे. तिथे पहिला प्रश्न हाच येतो, की तुम्ही इथे होता हे कशावरून? तबकडीवरचे नाव हे वादकाचे हजेरीपत्रक आहे. आता ऐकण्याचे सारे मोबाइलवर आले. तिथे गाण्याचे चित्र दिसते, गायकाचे नाव दिसते, आणि ढोलकी कोणी वाजवली ते बहुधा दिसत नाही. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावांतून उत्तम ढोलकीवाले, हलगीवाले आहेत. त्यांच्यापैकी कोणी स्टुडिओत गेला तर पैशाच्या आधी त्याने नाव मागावे, असे आम्ही त्यांना भेटेल तिथे सांगतो.

बोलणे पुष्कळ झाले. संयोजकांनी यंत्र आणून ठेवले आहे; पहिला तुकडा, वीस मिनिटांचा, ऐकू या. ज्यांना गलबला सहन होणार नाही त्यांनी सज्जाकोठीकडे वारा खायला जावे, आम्ही रागावणार नाही. लावण्यापूर्वी वेष्टनावर नसलेली काही नावे वाचतो. कर्णा : माइल्स डेव्हिस. सॅक्सोफोन : डेव्ह लीबमन. गिटार : जॉन मॅकलॉफ्लिन. कळफलकाची वाद्ये : हर्बी हॅनकॉक, चिक कोरिया, हॅरल्ड विल्यम्स. सतार : कॉलिन वॉलकॉट. बास : मायकेल हेंडरसन. ड्रम : जॅक डीजोनेट. तबला : बादल रॉय.