मदत पेरणीआधी पोहोचावी

(कापणीच्या उपकारस्तुतीनिमित्त धुळे येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपण वेदीपुढे ज्वारीची कणसे, केळीचे घड, भोपळे आणि शेंगा आणून ठेवल्या आहेत. मला बोलायला विषय दिला आहे 'हवामानबदल आणि शेती'. विषय साऱ्या जगाचा आहे, पण मी तो आपल्या खानदेशातूनच सांगते.

पृथ्वीचे सरासरी तापमान गेल्या दीडशे वर्षांत एका अंशाहून अधिक वाढले आहे. एक अंश म्हणजे फार काही नाही असे वाटते. पण पीक सरासरीवर जगत नाही. फुलोऱ्याच्या वेळी आठ दिवस ऊन तापले किंवा दाणा भरताना पावसाने ओढ दिली, तर वर्षाची मेहनत जाते. २०२२ च्या मार्चमध्ये उत्तर भारतात अशीच अवेळी उष्णता आली, गव्हाचा दाणा बारीक राहिला आणि मे महिन्यात सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. त्याच सुमारास सोमालिया, इथिओपिया आणि केनियात पावसाचे पाच हंगाम लागोपाठ कोरडे गेले. तिथल्या पशुपालकांची जनावरे डोळ्यांदेखत मेली.

आता आपल्याकडे पाहू. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला विचारा, तो सांगेल की मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेला की घड करपतो, वादळ आले की उभी बाग आडवी होते आणि हिवाळ्यात थंडी वाढली की चरका पडतो. कापसाचेही तेच. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. २०१८ मध्ये राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील तालुके होते. २०१९ मध्ये दिवाळीच्या सुमारास अवकाळी पावसाने वेचणीला आलेला कापूस झाडावरच भिजला. २०२३ चा ऑगस्ट तर १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर उत्तर महाराष्ट्रात गारपीट झाली. पाऊस कमी होतो एवढेच दुखणे नाही. तो आपली वेळ सोडून येतो, हे मोठे दुखणे आहे.

हे हवामान सर्वांवर सारखेच येते, पण नुकसान सारखे होत नाही. केळीच्या शेतकऱ्यालाही रडू येते. तरी त्याच्याकडे विहीर असते, ठिबक असते, फळपीक विमा असतो आणि सोसायटीचे कर्ज मिळते. चोपडा, यावल, शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या उतारावर पावरा, भिल्ल आणि तडवी कुटुंबांची शेती आहे. जमीन हलकी, पाणी फक्त आभाळाचे. कित्येकांचा वनहक्काचा दावा अजून मंजूर नाही. त्यामुळे सातबारा नाही, विमा नाही आणि गारपिटीनंतरच्या पंचनाम्यात नावही नाही.

पूर्वी या माणसांकडे त्यांचा स्वतःचा विमा होता. एकाच शेतात ज्वारी, मका, तूर, उडीद, चवळी आणि थोडी भगर पेरत. पाऊस लवकर गेला तर उडीद आणि भगर हाती येई. मध्येच खंड पडला तरी तुरीची मुळे खोलवर जाऊन ओल शोधत. सगळेच बुडाले असे वर्ष विरळा. घरात कणगी असे, चुलीच्या धुरावर बियाण्याची कणसे टांगलेली असत. चोपडा तालुक्यातील एका पावरा आजीने मला सांगितले, "बाई, पोटाला कमी पडलं तरी चालेल, पण बियाला हात लावायचा नाही, असं आमची सासू सांगायची."

२००२ नंतर बीटी कापूस आला आणि उतारावरही सगळीकडे कापूसच दिसू लागला. त्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. मुलांची फी, दवाखाना, लग्न यांना रोख पैसा लागतो आणि तो कापूस देतो. पण संकरित बियाणे घरचे राखून चालत नाही. दरवर्षी नवीन पाकीट घ्यावे लागते. मृगात पेरले आणि पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणीसाठी पुन्हा उधारी. पीक बुडाले की दिवाळीआधी मुकादम उचल घेऊन दारात उभा. नवरा-बायको ऊसतोडीला गुजरातेत जातात, मुलांची शाळा सुटते. उन्हाळ्यात परत येतात तेव्हा कणगी रिकामी, बियाणे नाही. मग पुन्हा दुकानदाराची उधारी आणि पुन्हा कापूस. एका वाईट पावसाळ्याची किंमत ते अशी तीन-चार वर्षे फेडतात.

हे चक्र कुठे तोडता येईल? साक्री तालुक्यातील बारीपाडा पाहा. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ ४०० हेक्टरांहून अधिक जंगल राखले. कुऱ्हाडबंदी केली, उतारावर पाणी अडवले. एके काळी टंचाई सोसणाऱ्या गावाच्या विहिरींना पाणी आले, लोकांचे स्थलांतर थांबले. २०२५ मध्ये चैत्रामभाऊंना पद्मश्री मिळाली. आभाळ त्यांच्याही हातात नव्हते. पण पडलेला पाऊस धरून ठेवणे हातात होते.

योसेफाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्याने दुष्काळ टाळला नाही. सुगीच्या वर्षांतच धान्य राखून ठेवले, म्हणून दुष्काळात माणसे वाचली. आपली मदत मात्र बहुधा पीक बुडाल्यानंतर निघते. कपडे, धान्याची पिशवी, घोंगडी. तेही हवेच. पण मेमध्ये दिलेले पायलीभर बियाणे डिसेंबरमधल्या पोतेभर धान्यापेक्षा जास्त उपयोगी पडते, असे मला या कामात दिसले आहे.

म्हणून माझे मागणे साधे आहे. या वर्षीच्या उपकारस्तुतीच्या दानातला एक वाटा पेरणीआधीच्या बियाण्यासाठी बाजूला ठेवावा. एका कुटुंबाला एकरभर मिश्र पेरणीचे देशी बियाणे. बाकीच्या रानात त्याने खुशाल कापूस लावावा. बियाणे दान म्हणून द्यायचे नाही. पायली नेली तर पिकल्यावर सव्वा पायली परत करायची आणि पीक बुडाले तर पुढच्या वर्षी. हिशेब पाड्यातल्या बायकांनी ठेवायचा, कारण बियाणे राखणे हे आजवर त्यांचेच काम आहे. सोबत बांध आणि चर खोदायला तरुण मंडळाने उन्हाळ्यात चार दिवस श्रमदान करावे. आणि ज्यांना कागदपत्रे कळतात त्यांनी वनहक्काच्या दाव्यांसाठी तहसील कचेरीत या बांधवांबरोबर जावे.

वेदीपुढची ही कणसे उद्या लिलावात जातील. त्यांतली दोन चांगली निवडून ठेवा. मृग नक्षत्राला अजून काही महिने आहेत.